गेम लोड होत नाही? आधी एक्स्टेन्शन तपास

ब्राउझरमध्ये खेळायच्या गेमवर ‘रन गेम’ दाबूनही काळी चौकटच दिसत असेल, तर ब्राउझर पुन्हा इन्स्टॉल करायच्या भानगडीत पडू नकोस. क्रोममध्ये तीच लिंक इनकॉग्निटो विंडोत उघड; तिथे एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, जसे जाहिराती अडवणारे) सहसा बंद असतात. गेम चालला तर चोर बहुतेक एखादं एक्स्टेन्शनच. मग नेहमीच्या विंडोत एफ१२ दाब, पान रीलोड कर आणि उघडलेल्या चौकटीत ‘कन्सोल’ हा एररची यादी दाखवणारा टॅब बघ. ‘ब्लॉक्ड बाय क्लायंट’ (म्हणजे एक्स्टेन्शनने अडवलं) अशी लाल ओळ ज्या डोमेनसाठी (साइटच्या पत्त्यासाठी) येते, त्यातल्या गेमच्या डोमेनलाच तेवढी एक्स्टेन्शनमध्ये परवानगी दे. जाहिरातवाले राहू देत अडकलेले. इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर गेमच्या फायली इच डॉट झोनवरून येतात, म्हणून नोस्क्रिप्ट या स्क्रिप्ट अडवणाऱ्या एक्स्टेन्शनमध्ये एकट्या इच डॉट आयओला परवानगी देऊन भागत नाही. आणि ‘साइट डेटा पुसा’ घाईत दाबू नकोस, सेव्ह केलेला गेम बऱ्याचदा तिथेच असतो.