निर्वाचक गण : पंचायत समितीचा आणि राष्ट्रपतींचा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वाचकाने विचारले आहे : “पंचायत समितीची निवडणूक जवळ आली की तहसिलीच्या फलकावर ‘निर्वाचक गण’ची प्रारूप रचना लागते. आमचे गाव अमुक गणात, शेजारचे तमुक गणात. आता मुलाच्या नागरिकशास्त्राच्या वहीत वाक्य दिसले, ‘राष्ट्रपतींची निवडणूक निर्वाचक गण करतो.’ गण म्हणजे गावे असतील तर आमच्या गणाने राष्ट्रपती कधी निवडला? शब्द एकच की दोन? आणि आमदाराच्या मताचे ‘मूल्य १७५’ म्हणजे नेमके काय?”

शब्द एकच आहे, अर्थ दोन आहेत. घोळ वाचणाऱ्याचा नाही, कायद्याच्या भाषेचा आहे.

‘गण’ म्हणजे समूह. गणगोत, जनगण, वृत्तातले अक्षरगण, पत्रिका जुळवताना पाहतात तो देवगण किंवा राक्षसगण, सगळीकडे मूळ कल्पना जमावाची, वर्गाची. ‘निर्वाचक’ म्हणजे निवडणारा. म्हणून निर्वाचकगण म्हणजे निवडणाऱ्यांचा समूह, साधा षष्ठी तत्पुरुष. या अर्थात जमिनीचा तुकडा कुठेच नाही. संविधानाच्या अनुच्छेद ५४ मध्ये हाच अर्थ आहे : राष्ट्रपती निवडणाऱ्या माणसांचा समूह.

पंचायत समितीच्या बाबतीत मात्र हा समूह नकाशावर उतरला. जिल्हा परिषद व पंचायत समित्यांच्या १९६१ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याचे निवडणूक विभाग पडतात. त्याला बाकी महाराष्ट्रात ‘गट’ म्हणतात आणि आपल्याकडे विदर्भात सर्रास ‘सर्कल’. एका सर्कलचे दोन निर्वाचक गण होतात आणि एका गणातून पंचायत समितीचा एक सदस्य निवडून जातो. इथे गण म्हणजे व्यवहारात मतदारसंघच. कायद्याच्या इंग्रजी मजकुरातही दोन्हींसाठी शब्दजोडी एकच आहे, त्यामुळे अनुवादकाला दोष देता येत नाही.

ओळखायची खूण सोपी. ‘गणात कोण मोडते?’ असे विचारावे. उत्तर गावांच्या नावांनी आले तर तो पंचायत समितीचा गण, पदांच्या नावांनी आले तर राष्ट्रपतींचा. लिहिताना मी पहिला ‘निर्वाचक गण’ असा तोडून, कारण नोटिसांत तसाच रुळला आहे, आणि दुसरा ‘निर्वाचकगण’ असा जोडून लिहितो. शाळेच्या पुस्तकांत व वर्तमानपत्रांत त्यालाच ‘निर्वाचन मंडळ’ असेही म्हणतात. चूक नाही, पण ‘मंडळ’ म्हटले की निवडणूक भरवणारी संस्था डोळ्यांपुढे येते, वीज मंडळ किंवा परीक्षा मंडळासारखी. निवडणूक भरवतो तो आयोग. हे मंडळ फक्त मत देते. त्या मानाने ‘गण’ बरा.

या निर्वाचकगणात कोण असते, हे सांगताना मराठीत हमखास चूक होते, आणि ती ‘आमदार’ या शब्दामुळे. संविधान म्हणते, संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य. दिल्ली आणि पुदुच्चेरी यांच्या विधानसभा ७० व्या घटनादुरुस्तीने (१९९२) त्यात आल्या. विधान परिषद नाही. पण मराठीत विधान परिषदेचा सदस्यही आमदारच असतो. अमरावती आणि नागपूर विभागांत ‘शिक्षक आमदार’, ‘पदवीधर आमदार’ हे शब्द तर रोजचे. म्हणून ‘राज्यातले सर्व आमदार राष्ट्रपतिपदासाठी मतदान करतील’ हे बातमीतले वाक्य विधान परिषदेच्या ७८ जागांएवढे चुकीचे ठरते. ‘विधानसभेचे निवडून आलेले २८८ सदस्य’ असे लिहिले की भागते.

दुसरा फसवा शब्द ‘नामनिर्देशित’. राज्यसभेवर राष्ट्रपतींनी नेमलेले १२ सदस्य नामनिर्देशित असतात, त्यांना या निवडणुकीत मत नाही. उलट उमेदवार भरतो ते नामनिर्देशनपत्र. त्यावर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, तेही निर्वाचकगणातलेच, आणि १५,००० रुपये अनामत. एक नामनिर्देशन म्हणजे नेमणूक, दुसरे म्हणजे अर्ज. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र हे १२ जणही मत देतात. तिथे विधानसभांचा संबंध येत नाही आणि प्रत्येक मताची किंमत एकच.

आता ‘मूल्य’. हा शब्द ऐकला की गावात पहिला अर्थ लागतो तो भावाचा, सोयाबीन-कापसाच्या भावासारखा. आणि मताच्या बाबतीत भाव हा शब्द काही चांगल्या अर्थाने वापरत नाहीत. इथे मूल्य म्हणजे वजन. एका राज्याच्या विधानसभा सदस्याचे मत तराजूत किती भरते, ते. मोजण्याची रीत अनुच्छेद ५५ मध्ये दिली आहे. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निवडून येणाऱ्या सदस्यसंख्येने भागायचे, आलेल्या भागाकारात पूर्ण हजार किती ते पाहायचे, आणि वर उरलेली बाकी ५०० किंवा जास्त असेल तर एक वाढवायचा.

महाराष्ट्राचे पाहा. लोकसंख्या घ्यायची १९७१ च्या जनगणनेची : ५,०४,१२,२३५. भागिले २८८, आले १,७५,०४२ च्या वर काही. त्यात पूर्ण हजार १७५, बाकी ४२, म्हणून एक वाढत नाही. मूल्य १७५. सिक्कीमची लोकसंख्या २,०९,८४३, सदस्य ३२, भागाकार ६,५५७. पूर्ण हजार ६, बाकी ५५७, म्हणून मूल्य ७. उत्तर प्रदेशाच्या सदस्याचे २०८, देशात सर्वांत जास्त.

लोकसंख्या इतकी जुनी का, हे विचारणे साहजिक आहे. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांचे वजन त्यामुळेच घटू नये, म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७१ चा आकडा गोठवला, आणि पुढे ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत नेली. तोपर्यंत आजच्या लोकसंख्येने हिशेब मांडणारा दरवेळी चुकणार.

खासदाराचे मूल्य काढायची रीत उलटी. सगळ्या राज्यांच्या सदस्यांच्या मतांची बेरीज करायची आणि ती खासदारांच्या संख्येने भागायची, म्हणजे राज्ये आणि संसद दोन्ही पारडी जवळपास सारखी राहतात. २०२२ मध्ये राज्यांची बेरीज ५,४३,२३१ होती, निवडून येणारे खासदार ५४३ आणि २३३ मिळून ७७६. भागाकार ७०० आला. २०१७ मध्ये हाच आकडा ७०८ होता. मधल्या काळात जम्मू-काश्मीरची विधानसभा राहिली नाही, तिच्या ८७ सदस्यांची प्रत्येकी ७२ प्रमाणे ६,२६४ मते बेरजेतून गेली, आणि गडचिरोलीच्या खासदाराचेही वजन ८ ने उतरले.

त्या हिशेबाने विदर्भाचे ६२ विधानसभा सदस्य १०,८५० आणि लोकसभेचे १० खासदार ७,००० भरतात. यवतमाळ जिल्ह्याच्या सात विधानसभा सदस्यांचे मिळून १,२२५. म्हणजे वाचकाच्या गणाने राष्ट्रपती निवडला नाही, पण त्याच गावाने विधानसभेला दिलेले मत त्या १७५ च्या पोटात आहे. ‘अप्रत्यक्ष निवडणूक’ याचा अर्थ एवढाच. प्रत्यक्ष म्हणजे डोळ्यांसमोरचे (प्रति + अक्ष), त्यामुळे ‘अप्रत्यक्ष’ ऐकून लपूनछपून काहीतरी असल्याचा भास होतो, पण भाव ‘अप्रत्यक्ष कर’ मधलाच आहे : देणारा एक, भरणारा दुसरा.

गावाच्या पातळीवर दाखवायचे तर सरपंच चालणार नाही, तो सध्या थेट जनतेतून निवडला जातो. उपसरपंच, पंचायत समितीचा सभापती, जिल्हा परिषदेचा अध्यक्ष ही अप्रत्यक्ष निवडणुकीची घरची उदाहरणे. पण दाखला ताणू नये. जिल्हा परिषदेत एका सदस्याला एकच मत, पक्षादेश मोडला तर अपात्रतेचे संकट. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मतदान गुप्त असते, तिथे पक्षादेश लागू होत नाही. सभापतींच्या निवडीआधी सदस्यांना सहलीला नेण्याचा जो प्रकार आपल्याकडे माहीत आहे, त्याला इथे फारसा उपयोग नाही, कारण कोणी कुणाला मत दिले ते नंतर दाखवता येत नाही.

मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसतो, बटणही दाबायचे नसते. ‘पसंतीक्रम’ लिहायचा असतो : नावासमोर १, २, ३. खासदारांची मतपत्रिका हिरवी, विधानसभा सदस्यांची गुलाबी. पेन आयोगाने दिलेलेच, जांभळ्या शाईचे. आकडा मराठी १ चालतो, रोमनही चालतो, पण ‘एक’ असे अक्षरी लिहिले की मत बाद. बरोबरची खूण केली तरी बाद. दोन नावांपुढे १ लिहिला, १ लिहिलाच नाही, किंवा आपली ओळख पटेल अशी खूण केली, तरी तेच. पहिली पसंती द्यावीच लागते, पुढच्या ऐच्छिक. २०२२ मध्ये ५३ मते बाद झाली. जन्मभर दुसऱ्यांकडे मते मागणाऱ्यांचीच ही मते, म्हणून आकडा लहान असला तरी नोंदवण्याजोगा.

मोजणीत येतो तो जड शब्द ‘एकल संक्रमणीय मत’. हल्ली ‘संक्रमण’ म्हटले की रोगाची लागण आठवते, पण तो हिंदीचा संस्कार. मराठीत त्याला संसर्ग म्हणतात. आपले संक्रमण म्हणजे संक्रांतीतले : सूर्य एका राशीतून दुसरीत जातो, तसे मत एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे जाते. मत एकच, म्हणून एकल. पहिल्या पसंतीच्या मतांत कोणी कोट्यापर्यंत, म्हणजे जिंकायला लागणाऱ्या मतमूल्यापर्यंत, पोचला नाही तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका ज्यांच्या पुढच्या पसंतीच्या आहेत त्यांच्याकडे पूर्ण मूल्यानिशी जातात. पुढची पसंतीच लिहिलेली नसेल तर ती मतपत्रिका तिथेच संपते.

हे घडलेले दाखवायला १९६९ ची निवडणूक हवी. व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८, आणि आपले चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९. कोटा होता ४,१८,१६९. गिरी पुढे होते, पण कोट्याला १६,६५४ कमी. खालचे उमेदवार एकेक बाद होत शेवटी देशमुखांच्या मतपत्रिका उघडल्या तेव्हा त्यांतली बहुसंख्य दुसरी पसंती रेड्डींकडे गेली, तरी जेवढी गिरींकडे आली तेवढी पुरली. शेवटचे आकडे ४,२०,०७७ आणि ४,०५,४२७.

‘कोटा’ हा शब्द रेशनच्या दुकानातून ओळखीचा, म्हणून तो ठरावीक आणि आधीच माहीत असणार असे वाटते. इथे तसे नाही. वैध ठरलेल्या मतांच्या एकूण मूल्याला दोनाने भागून एक मिळवायचा, आणि वैध किती हे मोजणीच्या दिवशीच कळते. २०२२ मध्ये सगळे मूल्य मिळून १०,८६,४३१ होते, त्याच्या निम्म्याने ‘जिंकायला ५,४३,२१६ लागतील’ असे ठिकठिकाणी छापून आले. प्रत्यक्षात वैध मतांचे मूल्य १०,५६,९८० भरले आणि कोटा ५,२८,४९१ निघाला. द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ मिळाली, यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७. दुसऱ्या पसंतीची वेळच आली नाही.

कायद्यात या पद्धतीला ‘प्रमाणशीर प्रतिनिधित्व’ही म्हटले आहे. शब्द बरोबर उतरवला आहे, पण जागा एकच असताना प्रमाण कशाचे राखणार? मुलाला समजावताना हा शब्द सरळ गाळावा. ‘पसंतीक्रमाची पद्धत’ पुरे.

वहीतले वाक्य असे करावे : ‘राष्ट्रपतींची निवडणूक संसदेच्या व विधानसभांच्या निवडून आलेल्या सदस्यांचा निर्वाचकगण करतो.’ ‘नेमणूक’ किंवा ‘नियुक्ती’ नको, ती राज्यपालांची होते. आणि राष्ट्रपती दीर्घ, पण राष्ट्रपतिपद, राष्ट्रपतिभवन ऱ्हस्व, कारण समासात आधी आलेला तत्सम शब्द मूळ ऱ्हस्व रूपात राहतो.

जाता जाता, वाचकाने न विचारलेले एक. प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये निवडून आल्या तेव्हा ‘राष्ट्रपती’ स्त्रीला कसे चालेल यावर बरीच शाई खर्च झाली. त्या १९९१ मध्ये अमरावतीतूनच लोकसभेवर गेल्या होत्या, आणि त्या मुलखातल्या पंचायत समित्यांत बाई ‘सभापती’ झाली तर कोणाला काही खटकत नाही. दोन्हींतला ‘पती’ एकच, धनी-पालक या अर्थाचा. हिंदीच्या शेजारामुळे विदर्भात ‘अमेरिकेचे राष्ट्रपती’ही कानावर येते. मराठी वर्तमानपत्री रिवाज तिथे ‘अध्यक्ष’ किंवा ‘राष्ट्राध्यक्ष’ असा आहे, आणि तो पाळलेला बरा. त्यांच्या ५३८ जणांच्या गणाला निर्वाचकगण म्हणायला हरकत नाही. फक्त तिथल्या मतपत्रिकेवर अध्यक्षपदाच्या उमेदवाराचे नाव लोकांसमोर येते, आपल्याकडे लोकांच्या मतपत्रिकेवर ते कधीच येत नाही.