घरात कागदांचा ढीग साचलाय, आवरायचं रोज ‘उद्या’वर जातं. सुरुवात कुठून करू?

सगळं कपाट उपसू नका. 20 मिनिटांचा गजर लावून एकच खण घ्या आणि गजर वाजला की थांबा. टाळाटाळ होते ती आळसापेक्षा निर्णयांच्या धास्तीनं. प्रत्येक कागद ‘ठेवू का टाकू’ विचारतो, शंभराव्या कागदाला डोकं बधिर होतं आणि उपसलेला पसारा परत पलंगाखाली जातो.

तीन पिशव्या पुरतात: ठेवायचे, रद्दी, आणि ‘काम बाकी’. ही तिसरी दाराजवळच्या खुंटीला अडकवा, तालुक्याला जाताना आपोआप हाताशी येते. चौथी ‘नंतर बघू’ची पिशवी केलीत की संपलं.

सातबाऱ्याच्या जुन्या छापील प्रती खुशाल रद्दीत टाका. डिजिटल सहीचा ताजा उतारा 15 रुपयांत ऑनलाइन निघतो. सोयाबीन बियाण्याची पावती, टॅग आणि पिशवी मात्र हंगाम संपेपर्यंत एकत्र ठेवा, उगवण झाली नाही तर तक्रारीला तेच लागतं. दुकानातल्या गुळगुळीत थर्मल पावतीवरची अक्षरं उडतात, म्हणून तिची आधी झेरॉक्स काढा.

एक अपवाद: खरेदीखत, फेरफार आणि आजोबांच्या ट्रंकेतले उर्दू-मोडीतले कागद वाचता आले नाहीत तरी टाकू नका. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जमिनीच्या किंवा जातीच्या नोंदीचा पुरावा कधी कधी त्यातच असतो.