छोट्या हॉलमधल्या स्टिरिओला सबवूफर जोडायचा आहे: दहा इंची एक घ्यावा की आठ इंची दोन?

तुमचा प्रश्न असा आहे: हॉल १५ बाय १२ फुटांचा, ॲम्प्लिफायर जुना आणि त्याला सबवूफरचं (फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचं) आउटपुट नाही, स्पीकर पाच इंची वूफरचे बुकशेल्फ (फळीवर मावणारे छोटे), ऐकणं बहुतेक शास्त्रीय आणि चित्रपटगीतं. सबवूफर एक मोठा घ्यावा की दोन छोटे, आणि खालच्या मजल्यावरच्या वयस्कर शेजाऱ्यांना त्रास न होता हे जमेल का?

जमेल. माझं मत आठ इंची दोन घ्या असं आहे. पण दुकानात जाण्याआधी हॉलमध्ये मोजायची टेप घेऊन फिरा, कारण अगदी खालच्या सुरांत आपण स्पीकर कमी आणि खोली जास्त ऐकत असतो.

हिशेब सोपा आहे. ५६५ ला खोलीच्या फुटांतल्या लांबीने भागा. १५ फुटांना साधारण ३८ हर्ट्झ येतात, १२ फुटांना ४७. या कंपनसंख्यांवर समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनिलहर अडकून उभी राहते. भिंतीजवळ ती जोरात असते आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे तुमचा सोफा १५ फुटांच्या मध्यावर असेल तर केवढाही सबवूफर आणला तरी तिथे ३८ हर्ट्झ नीट ऐकू येणार नाहीत. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर तोच सूर घुमून बाकी सगळ्यावर चढेल. सोफा दीड-दोन फूट पुढे ओढून बघणं फुकट आहे, ते आधी करा.

आपल्याकडे हा त्रास जास्त जाणवतो. अमेरिकेतल्या लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या भिंतींच्या घरांत भिंती स्वतःच थोड्या थरथरून बास, म्हणजे खालचे सूर, शोषतात. आपल्या विटा-सिमेंटच्या भिंती आणि आरसीसी स्लॅब तो जवळजवळ सगळा परत फेकतात. त्यामुळे परदेशी व्हिडिओंत दाखवलेली जागा इथे तशीच कामाला येईल असं धरू नका.

आता संगीताकडे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेची खर्जाची तार १०४ वर. चांगले पाच इंची बुकशेल्फ ५५-६० हर्ट्झपर्यंत बऱ्यापैकी उतरतात, म्हणजे तानपुरा आणि गळा तुम्हाला आजही पूर्ण मिळतो आहे. ख्याल ऐकताना सबवूफरकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नका. पखवाजाच्या थापेला, डग्ग्याच्या घुमाऱ्याला थोडं अंग येईल आणि मैफलीच्या ध्वनिमुद्रणात सभागृहाचा अवकाश जाणवेल, एवढंच. पण तेवढं मला फार मोलाचं वाटतं. चित्रपटगीतांत फरक उघड आहे: बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची आणि आजचा सिंथ बास त्याच्याही खाली जातो.

आठ इंची दोनच का? दोन आठ इंची कोनांचं (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यांचं) एकत्र क्षेत्रफळ एका दहा इंचीपेक्षा सव्वापट भरतं. हे महत्त्वाचं आहे, कारण आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं तर कोनला चौपट हवा ढकलावी लागते. पण खरं कारण जागेचं आहे. अडकलेल्या पहिल्या लहरीचा दाब समोरासमोरच्या भिंतींवर उलट असतो, एकीकडे वाढतो तेव्हा दुसरीकडे घटतो. दोन्ही भिंतींशी एकेक सबवूफर ठेवून दोघांना एकच सिग्नल दिला की ती लहर उभी राहायलाच अडचण येते. हार्मन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीतले टॉड वेल्टी यांनी किती सबवूफर पुरेत याचा २००२ मध्ये रीतसर अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरचे दोन सबवूफर बऱ्याच मोठ्या मांडण्यांच्या जवळ जातात, हे त्यातून दिसलं. तुमच्याकडे १२ फुटी दोन्ही भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवलात तर ३८ ची लहर दबेल, आणि दोघेही रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे ४७ चीही फारशी जागी होणार नाही. तिथे बाल्कनीचं दार येत असेल तर तिरके समोरासमोरचे कोपरे बघा. दोन्ही सबवूफर एकाच मॉडेलचे हवेत. खर्च एकदम झेपत नसेल तर आज एक घ्या, दुसरा सावकाश.

पहिल्या एकट्याची जागा कानाने शोधता येते. सबवूफर सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. बास गिटारची चाल खालीवर फिरते असं एखादं ओळखीचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत, कान जमिनीजवळ ठेवून ऐका. जिथे सगळे सूर सारख्या वजनाने येतात, एकही घुमत नाही आणि एकही बुडत नाही, तिथे सबवूफर ठेवा. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा येईल, त्याला भुलू नका.

जोडणी. सबसाठी वेगळं आउटपुट नसलं तरी बिघडत नाही. स्पीकरच्या वायरींतून सिग्नल घेणारं 'हाय लेव्हल' इनपुट असलेला सबवूफर निवडा. ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवरूनच आणखी एक वायर त्याच्याकडे न्यायची. हे इनपुट इतका कमी प्रवाह ओढतं की ॲम्पवर भार येत नाही. वायरी लावताना दोन्ही उपकरणं बंद ठेवा. पुढे कधी क्लास डी (आजच्या छोट्या, कमी तापणाऱ्या प्रकारचा) ॲम्प घेतलात तर मात्र त्याचं मॅन्युअल आधी वाचा, कारण काहींचं काळं टर्मिनल ग्राउंडला जोडलेलं नसतं आणि तिथे ही जोडणी वेगळ्या रीतीने करावी लागते.

या पद्धतीत तुमचे बुकशेल्फ पूर्ण आवाका वाजवत राहतात, म्हणून सबवूफरचा क्रॉसओव्हर (तो कुठपर्यंतचे सूर वाजवेल ती वरची मर्यादा) त्यांच्या थकण्याच्या जागी, ५५-६० वर ठेवा. ८० हा आकडा सगळीकडे वाचायला मिळतो, पण तो स्पीकरकडे जाणारा बास कापणाऱ्या रिसीव्हरसाठी ठीक आहे. तुमच्याकडे ८० ठेवलात तर ६० ते ८० चा पट्टा दोघे मिळून वाजवतील आणि डग्गा जाडा, सुस्त वाटेल. मग फेजचं बटण (सबवूफरची लहर स्पीकरच्या लहरीशी जुळवणारं): ६० हर्ट्झचा सूर लावा, ० आणि १८० दोन्हींवर सोफ्यावरून ऐका, जिथे भरीव येईल ते ठेवा. हे मोबाइलवरून होतं. आणखी खोलात जायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक कॅलिब्रेटेड मायक्रोफोन पुरे. एक लक्षात असू द्या, ईक्यूने (निवडक सुरांची पातळी कमी-जास्त करण्याने) उंचवटा, म्हणजे घुमणारा सूर, कापता येतो; खड्डा, म्हणजे बुडणारा सूर, भरता येत नाही. खड्डा जागा बदलूनच भरतो.

आवाजाची पातळी शेवटी. सबवूफर वाजतोय हे कळता कामा नये, बंद केल्यावर मात्र काहीतरी गेलं असं वाटलं पाहिजे. गाणं हळू लावलं की बास सगळ्यात आधी नाहीसा का होतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे: कमी आवाजात आपला कान खालच्या सुरांना जास्त बहिरा असतो. म्हणून रात्री हळू ऐकताना सबवूफर किंचित वर घ्यावासा वाटतो, आणि शेजाऱ्यांचा प्रश्न नेमका इथेच येतो.

सबवूफरखाली दाट रबर किंवा फोमची बैठक द्या. पेटीची थरथर स्लॅबमध्ये कमी उतरते आणि शोकेसमधल्या भांड्यांचा खुळखुळाटही कमी होतो. पण हवेतून जाणारा बास बैठकीने थांबत नाही, त्याला पातळी हाच उपाय. बंद पेटीचा, म्हणजे पोर्ट (हवा आत-बाहेर जायचं भोक) नसलेला सबवूफर घ्या. तो खाली जाताना सावकाश उतरतो आणि लहान खोली तळाला त्याला आपोआप हात देते, त्यामुळे कमी पातळीतही तो भरलेला वाटतो. दोन सबवूफर असले की प्रत्येकाला कमी ढकलावं लागतं. बसवून झाल्यावर तुमचं नेहमीचं गाणं नेहमीच्या आवाजात लावून स्वतः खाली जा आणि त्यांच्या बेडरूममध्ये उभं राहून ऐका. त्यांनाच विचारा. रात्री दहानंतर सबवूफरचं स्विच बंद ठेवलं तर कुणालाच काही म्हणावं लागणार नाही.

जोडल्यावर सतत 'हूँऽऽ' असा आवाज आला तर तो बहुधा ५० हर्ट्झच्या विजेचा ग्राउंड लूप आहे, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगच्या जोडण्यांतून फिरणारा प्रवाह. ॲम्प आणि दोन्ही सबवूफर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, बहुतेकदा तेवढ्याने जातो. केबल टीव्हीची वायर त्याच साखळीत असेल तर ती काढून बघा. काही इलेक्ट्रिशियन अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगतात, ते अजिबात करू नका. धातूच्या पॅनेलला हात लागतो आणि शॉक जिवावर बेतू शकतो.