वाचकांचे प्रश्न : ग्राहकाचे संगणक दुरून रीस्टार्ट करताना

प्रश्न : एका ग्राहक कंपनीच्या सुमारे साठ संगणकांची देखभाल मी दुरून करतो. विंडोजचे अपडेट बसवून झाले, तरी निम्म्या संगणकांवर ‘रीस्टार्ट बाकी’ असेच दिसत राहते. तिथले कर्मचारी मात्र सांगतात की आम्ही रोज संध्याकाळी संगणक बंद करूनच निघतो. सक्तीने रीस्टार्ट करावे, तर कोणाचे तरी सेव्ह न केलेले काम जाईल, अशी धास्ती वाटते. यातून मार्ग कसा काढावा?

उत्तर : कर्मचारी खरे सांगत आहेत, असे धरूनच सुरुवात करावी. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले, तर उघडे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा कर्नल (म्हणजे तिचा गाभा) आणि ड्रायव्हर (म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्राम) यांची त्या क्षणीची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा मेमरीत आणली जाते. त्यामुळे रोज बंद होणाऱ्या संगणकाच्या टास्क मॅनेजरमध्येही सीपीयूचा ‘अप टाइम’ कित्येक दिवसांचा दिसू शकतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातील, ‘हायबरबूट एनेबल्ड’ ही नोंद शून्य केली की ही सोय बंद होते आणि हा बदल आपल्या व्यवस्थापन साधनातून सर्व संगणकांवर एकदम पाठवता येतो. माझ्या मते आपले निम्मे काम एवढ्यानेच हलके होईल, कारण त्यानंतर कर्मचाऱ्यांची रोजची सवयच आपल्या उपयोगी पडेल.

आता सक्तीविषयी. दुरून रीस्टार्ट करण्यासाठी बहुतेक जण विंडोजची ‘शटडाउन’ कमांड वापरतात, तिला दहा-पंधरा मिनिटांची मुदत देतात, सोबत एक संदेश पाठवतात आणि सक्तीचा पर्याय लिहिलेला नाही, म्हणजे कोणाचे काम जाणार नाही, असे समजतात. हा समज चुकीचा आहे. मुदत शून्यापेक्षा जास्त दिली की सक्तीचा पर्याय आपोआप लागू होतो, म्हणजेच मुदत संपल्यावर उघडी फाइल सेव्ह करायची का, हे न विचारताच प्रोग्राम बंद केले जातात. जेवायला उठलेल्या माणसाला तो संदेश दिसतही नाही. म्हणून जिथे माणूस बसून काम करतो, त्या संगणकावर ही कमांड पहिला उपाय म्हणून वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

त्याऐवजी विंडोज अपडेटच्या धोरणांत अंतिम मुदत आणि सवलतीचा काळ ठरवून द्यावा. अंतिम मुदत जास्तीत जास्त तीस दिवसांची आणि नेहमीच्या अपडेटसाठी सवलतीचा काळ सात दिवसांपर्यंत ठेवता येतो. या काळात कर्मचारी आपल्या सोयीची वेळ निवडू शकतो. तो उलटल्यावर मात्र संगणक कामाच्या वेळेतही स्वतःहून रीस्टार्ट होऊ शकतो, ही गोष्ट ग्राहकाकडून आधीच लेखी मान्य करून घ्यावी. मायक्रोसॉफ्टचे मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, तेव्हा त्यानंतरचा ठरावीक दिवस कळवून ठेवला, की दर महिन्याला नव्याने परवानगी मागत बसावे लागत नाही. सर्व्हर या धोरणातून वेगळे काढावेत. त्यांचे रीस्टार्ट एकामागून एक, ठरवलेल्या क्रमाने आणि कोणीतरी लक्ष ठेवून असतानाच व्हावे. दोन डोमेन कंट्रोलर (कर्मचाऱ्यांचे लॉगिन तपासणारे सर्व्हर) असतील, तर पहिला पूर्ण सुरू होऊन लॉगिन स्वीकारू लागल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.

आदेश गेला म्हणजे काम झाले, असे मात्र धरू नये. प्रत्येक संगणक शेवटचा कधी बूट झाला, ती वेळ मागवून तपासावी. सिस्टिम लॉगमधील (विंडोज स्वतः ठेवते त्या घडामोडींच्या नोंदवहीतील) १०७४ क्रमांकाच्या नोंदीत रीस्टार्ट कोणत्या खात्याने किंवा प्रोग्रामने केले आणि त्याचे कारण काय दिले, हे सापडते. उद्या कोणी ‘माझा संगणक मध्येच का बंद केला?’ असे विचारले, तर ही नोंद दाखवता येते.

प्रश्न : काही लॅपटॉप रीस्टार्टनंतर परत ऑनलाइन येतच नाहीत. असे का होते?

उत्तर : त्यांच्यावर बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कवरील माहिती कूटबद्ध ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचा, सुरुवातीचा पिन लावलेला आहे का, ते आधी पाहावे. असा संगणक विंडोज सुरू होण्याआधीच पिनसाठी थांबतो आणि तोवर दुरून जोडणीच मिळत नाही. एका रीस्टार्टपुरते बिटलॉकर स्थगित ठेवण्याची कमांड आहे. मात्र तेवढ्या काळात डिस्कची किल्ली उघडी राहते, म्हणून ही कमांड कुलूपबंद खोलीतल्या संगणकांवरच वापरावी. लॅपटॉप प्रवासात असेल, तर तो ज्याच्या हाती आहे, त्यालाच फोन करून रीस्टार्ट करायला सांगावे.