आक्रमण, स्वारी की चढाई?

प्रश्न असा आहे: 1964 पासून ब्रिटिश रॉक बँडांनी अमेरिकेत जी मुसंडी मारली, तिला इंग्रजीत ‘ब्रिटिश इन्व्हेजन’ म्हणतात. मराठीत आक्रमण म्हणावे, स्वारी की चढाई? आणि ‘बीटल्सनी रातोरात अमेरिका पदाक्रांत केली’ हे वाक्य बरोबर आहे का?

नाही. शब्द ‘पादाक्रांत’ असा आहे. संस्कृतात ‘पद’ म्हणजेही पाऊल, तेव्हा ‘पदाक्रांत’ खपवून घ्यावे, असा बचाव काही जाणकार करतात. तो मला मुळीच पटत नाही. मराठीत ‘पद’ म्हटले की हुद्दा आठवतो, नाहीतर नाटकातले गाणे. पाय दिसतो तो ‘पादा’तच, आणि इथे पाय दिसायलाच हवा.

चढाईत नुसता हल्ला असतो, निकाल नसतो. स्वारी म्हणजे दसऱ्याला निघायचे आणि पावसाळ्याआधी घरी यायचे. रोलिंग स्टोन्सचा जून 1964 चा पहिला अमेरिका दौरा ही स्वारी. मोठे गाणे हाताशी नव्हते आणि काही सभागृहे अर्धी रिकामी राहिली. अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत पहिला क्रमांक मिळायला जुलै 1965 उजाडला.

आता ‘आक्रमण’. त्याचा धातू क्रम्, म्हणजे पाऊल टाकणे. आक्रमण म्हणजे एखाद्या जागेवर पाऊल टाकणे. तीन पावलांत त्रिभुवन व्यापणारा तो त्रिविक्रम. त्याच्या ढांगेतला ‘विक्रम’ आज आपण खपाच्या उच्चांकाला लावतो. पावलामागून पाऊल तो ‘क्रम’, आणि त्याला अंक जोडला की ‘क्रमांक’. म्हणजे आक्रमण करायचे, पहिला क्रमांक पटकवायचा, विक्रम करायचा, आणि हे सारे एकाच धातूच्या जोरावर! लॅटिनही हेच सांगते. ‘इन्व्हेजन’मधला ‘वादेरे’ म्हणजे चालणे. ‘आक्रमण फार लष्करी वाटते, ब्रिटिश आगमन म्हणा’ असे सुचवणाऱ्यांनी शब्द उकलून पाहिलेलाच नाही. आगमन गणपतीचे होते. शिवाय अमेरिकनांना लष्करी छटाच हवी होती. 1814 साली ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टन जाळले होते, आणि बीटल्सचा अमेरिकेतला पहिला जलसा झाला तोही वॉशिंग्टनलाच. एक पथ्य मात्र पाळा. नुसते ‘ब्रिटिश आक्रमण’ लिहिले तर मराठी वाचक 1818 सालात जाऊन पोहोचतो, म्हणून ‘ब्रिटिश बँडांचे आक्रमण’ लिहा.

माझे म्हणणे याच्याही पुढचे आहे. ‘पादाक्रांत’ हा शब्द प्रत्यक्ष पाय झिजवणाऱ्या बँडांसाठीच राखून ठेवावा. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिला क्रमांक मिळवणारा पहिला ब्रिटिश बँड म्हणून बीटल्सचे नाव सर्रास घेतले जाते. ते चूक आहे. टॉर्नेडोज या बँडने ‘टेलस्टार’ या वाद्यसंगीताच्या जोरावर डिसेंबर 1962 मध्येच तो मान मिळवला होता. पण गाणे पोहोचले, बँड गेलाच नाही. त्यांना क्रमांक मिळाला, भूमी नाही.

त्याला कारण आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीवर गाणे वाजले की ते देशभर ऐकले जाई. अमेरिकेत प्रत्येक शहराची रेडिओ केंद्रे वेगळी, गाणी निवडणारे वेगळे, आणि बिलबोर्डच्या गणितात दुकानातल्या विक्रीबरोबर रेडिओवरचे वाजणेही धरले जाई. ‘रातोरात’ खोटे ठरते ते इथे. बीटल्सची कंपनी ईएमआय, कॅपिटल ही तिच्याच मालकीची अमेरिकन कंपनी, तरी कॅपिटलने सुरुवातीच्या तबकड्या नाकारल्या. 1963 मध्ये ‘प्लीज प्लीज मी’ व्ही-जे या छोट्या कंपनीने काढली, ‘शी लव्ह्ज यू’ स्वॉन नावाच्या तशाच कंपनीने. दोन्ही तेव्हा पडल्या. डिसेंबरात वॉशिंग्टनच्या एका रेडिओ केंद्राने विमानाने मागवलेली ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’ वाजवायला घेतली, मागणी उसळली, आणि कॅपिटलने जानेवारीत काढायची तबकडी 26 डिसेंबरलाच बाजारात आणली. 9 फेब्रुवारी 1964 ला एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात 7 कोटींहून अधिक लोकांनी त्यांना पाहिले ते यानंतर.

दोनच दिवसांनी, 11 फेब्रुवारीला, वॉशिंग्टन कोलिझियमचा जलसा झाला. मुष्टियुद्धाच्या आखाड्यासारखा मंच मधोमध, चारी बाजूंना प्रेक्षक. काही गाणी झाली की चौघांनी तोंडे फिरवायची, मायक्रोफोन हलवायचे. ड्रमचा फिरता चौथरा अडला, तर ड्रमवादक रिंगोने तो मदतनीसाबरोबर हाताने ढकलून वळवला. चारी दिशा अशा एकेक करून घ्याव्या लागत.

किंक्स या ब्रिटिश बँडचे उलटे झाले. ‘यू रिअली गॉट मी’ अमेरिकेत गाजले होते, पण 1965 च्या दौऱ्यानंतर तिथल्या वादकांच्या संघटनेने त्यांना परवाने नाकारले. संघटनेच्या परवान्याशिवाय परदेशी बँडला मंच मिळत नसे. बंदी 1969 पर्यंत टिकली, म्हणजे दौऱ्यांच्या सर्वांत भरभराटीची वर्षे हातची गेली.

लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडला मात्र ‘पादाक्रांत’ बिनदिक्कत लावा. 26 डिसेंबर 1968 ला डेन्व्हरला अमेरिकेतला पहिला कार्यक्रम झाला तेव्हा त्यांची तबकडी दुकानात आलेलीही नव्हती. ती जानेवारी 1969 मध्ये आली. वर्षभर ते पुन्हा पुन्हा अमेरिकेत वाजवत राहिले आणि डिसेंबर 1969 मध्ये दुसरा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. आधी पाऊल, मग क्रमांक. एमटीव्ही ही गाण्यांच्या चित्रफितींची अमेरिकन वाहिनी 1 ऑगस्ट 1981 ला सुरू झाल्यावर बँडांच्या आधी त्यांच्या चित्रफितीच तिथे पोहोचू लागल्या. त्या लाटेला ‘दुसरे आक्रमण’ म्हणायला हरकत नाही, पण त्यातला एखादा बँड गावोगाव वाजवत फिरल्याचे ठाऊक असल्याशिवाय ‘पादाक्रांत’ लिहू नका.