टॅटूचं मशीन नंतर, परवान्याची तयारी आधी

तुमची रेखाटनं पाहिली. रेषेवर हात पक्का आहे, तेव्हा या कामात जरूर या. फक्त मशीन घ्यायची घाई नको. जिथे काम करणार, तिथल्या आरोग्य खात्याला आधी नियम विचारा आणि उत्तर लेखी घ्या, कारण ते जागोजागी बदलतात. कुठे कलाकाराचा परवाना वेगळा आणि स्टुडिओचा वेगळा असतो. स्टुडिओला परवाना आहे म्हणजे आपलंही भागलं, ही नवख्यांची नेहमीची चूक.

सुरुवातीला एवढं करा:

- रक्तातून पसरणाऱ्या संसर्गांचं प्रशिक्षण घ्या. बऱ्याच ठिकाणी ते सक्तीचं आहे. नसलं तरी घ्याच. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस जिवंत राहतो. म्हणजे वरवर स्वच्छ दिसणारं टेबलही धोक्याचं असू शकतं. हे एकदा मनात बसलं की हातमोजे बदलायला कोणी सांगावं लागत नाही.
- त्याच आजाराची लस लगेच सुरू करा. नेहमीच्या वेळापत्रकात 3 डोसांना 6 महिने लागतात.
- अनुभवी कलाकाराकडे उमेदवारी करा. तासांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा, सही त्याच दिवशी घ्या. मागाहून कोणाला काही आठवत नाही.

आणि घरी मित्रांच्या हातावर सराव अजिबात नको! विनापरवाना काम पुढे अर्जाच्या आड येऊ शकतं, शिवाय जखम चिघळली तर भोगायचं मित्राने. सरावाला कृत्रिम त्वचा वापरा.

निर्जंतुकीकरणाच्या यंत्रांबद्दल प्रशिक्षण झाल्यावर बोलू.