सदस्याच्या भावाला ग्रामपंचायतीचं काम : नातं दाखवून अपात्रता होत नाही, पैसा दाखवावा लागतो

प्रश्न थोडक्यात असा : उपसरपंचाच्या सख्ख्या भावाच्या फर्मला गटाराचं काम मिळालं, बिलही निघालं. उपसरपंच अपात्र ठरतो का?

कलम आहे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मधलं १४(१)(ग). पंचायतीच्या आदेशाने झालेल्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात सदस्याचा स्वतःचा किंवा त्याच्या भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध असला तर तो अपात्र. 'नातेवाईक' हा शब्द त्यात नाही, आणि बहुतेक तक्रारी नेमक्या इथेच पडतात. अर्जात वंशावळ असते, रेशनकार्ड असतं, पैशाचा कागद एकही नसतो.

मलकापूर नगरपालिकेच्या प्रकरणात सदस्याचा मुलगा पालिकेच्या नोकरीत होता. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसतं नातं म्हणजे हितसंबंध नव्हे, आर्थिक किंवा भौतिक हित दिसलं पाहिजे. उलट गोव्यात २०१२ च्या निकालात पंचायत सदस्य बाई अपात्र ठरल्या, कारण कंत्राट नवऱ्याचं असलं तरी तिथल्या पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे पतिपत्नीची मिळकत सामाईक धरली जाते आणि नफ्यात त्यांचा हिस्सा कायद्यानेच येत होता. हा निकाल आपल्याकडे जसाच्या तसा चिकटवू नका. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हा फरक दाखवतो.

आता कागद. माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, शुल्क १० रुपये. मागणी नेमकी हवी : कामाचा ठराव असलेल्या मासिक सभेचं प्रोसिडिंग हजेरीच्या सह्यांसकट, आलेली सर्व दरपत्रकं, कार्यारंभ आदेश, एमबी (कामाची मोजमाप वही), बिल, नमुना १२ चं प्रमाणक (खर्चाचं व्हाउचर) आणि नमुना ५ च्या रोकडवहीतलं त्या तारखेचं पान. सगळ्याच्या प्रमाणित प्रती. 'कामाची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलंत तर तीस दिवसांनी 'माहिती विस्तृत आहे' हेच उत्तर येणार. वित्त आयोगाचा निधी असेल तर ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर पैसे कोणाच्या नावे गेले ते आधीच बघून घ्या.

बिलावरचा जीएसटी क्रमांक दुर्लक्षू नका. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यामुळे क्रमांकातलं सहावं अक्षर धारक कोण ते सांगतं : पी म्हणजे व्यक्ती, एफ म्हणजे भागीदारी, एच म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. जीएसटीच्या पोर्टलवर तोच क्रमांक टाकला की दुकानाच्या पाटीमागचं कायदेशीर नाव दिसतं. पी असून नाव सदस्याचंच निघालं तर प्रकरण जवळजवळ संपलं. एफ असेल तर भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडून भागीदारांचा उतारा काढा. एच निघालं तर सदस्य त्या कुटुंबाच्या मिळकतीत हिस्सेदार आहे का, ते दाखवा. भावाचं एकट्याचं नाव निघालं तर खरी मेहनत तिथून सुरू होते : चेक सदस्याने स्वतः उचलला का, खातं संयुक्त आहे का, कामावरचा जेसीबी त्याच्या नावे आहे का, बिलावर 'पैसे मिळाले' ही सही कोणाची. यातलं काहीच हाती लागत नसेल तर (ग) खाली जाऊन वेळ घालवू नये, हे माझं स्पष्ट मत.

'मी ठरावाच्या वेळी बाहेर गेलो होतो' हा बचाव मात्र इथे चालत नाही. (ग) मतदानाबद्दल नाही, हिश्श्याबद्दल आहे. खऱ्या पळवाटा कलमाखालच्या स्पष्टीकरणात आहेत : कंपनीत किंवा नोंदणीकृत संस्थेत नुसता भाग असणं, पंचायतीची जाहिरात छापणाऱ्या वृत्तपत्रात हिस्सा असणं, नेहमीच्या दुकानातून ठरावीक रकमेपर्यंतची किरकोळ विक्री. मजूर सहकारी संस्थेमार्फत काम घेतलं असेल तर हेच स्पष्टीकरण समोर येणार, म्हणून अर्ज करण्याआधी ते वाचाच.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, कलम १४(१)(ग) सह कलम १६ खाली. कोणीही करू शकतो. निर्णय शक्यतो साठ दिवसांत द्यायचा असतो ('शक्यतो' हा शब्द कायद्यातलाच), आणि तो होईपर्यंत सदस्य पदावर राहतो. गटविकास अधिकाऱ्यांकडून अहवाल मागवला गेला तर वरचे कागद त्यांनाही द्या, नाहीतर अहवालात 'सख्खे भाऊ आहेत' एवढंच येईल. निर्णयाविरुद्ध अपिलाची मुदत फक्त पंधरा दिवस, त्यामुळे आदेशाची प्रत त्याच दिवशी मागा.

हिस्सा सिद्ध होत नाही, पण उपसरपंचाने दरपत्रकं दाबली किंवा काम न होताच बिल काढायला लावलं असं कागदावर दिसत असेल, तर रस्ता वेगळा : कलम ३९, कर्तव्यातली गैरवर्तणूक. त्यात जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात आणि काढून टाकण्याचा आदेश विभागीय आयुक्त देतात. दोन्ही मागण्या एकाच अर्जात कोंबू नका, अधिकारीच वेगळे आहेत. ग्रामपंचायत अधिकाऱ्याचाही (पूर्वीचा ग्रामसेवक) हात असेल तर त्याची तक्रार जिल्हा परिषदेकडे, वर्तणूक नियमांखाली, स्वतंत्र.